वेग गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

तिशी उलटलेल्या स्ट्रायकरच्या पुढून एखादा थ्रू बॉल, म्हणजे बचावपटूंच्या मागे टाकलेला पास, निसटला की निदान तयार असतं: ‘वय झालं, आता पळवत नाही त्याच्याने.’ कोपरखैरण्याच्या टर्फवर रविवारी सकाळी हेच ऐकू येतं आणि टीव्हीवरच्या समालोचनातही हेच. सुनील छेत्रीच्या वाट्याला हे वाक्य गेली काही वर्षं हमखास येतं. ६ जून २०२४ ला कोलकात्यात तो कुवेतविरुद्ध निरोपाचा सामना खेळला तेव्हा ‘बरं झालं, वेळेवर थांबला’ म्हणणारे होते. मार्च २०२५ मध्ये तो पुन्हा भारताकडून उतरला तेव्हा ‘या वयात धावणार कसा?’ असं विचारणारे निघाले. आपल्या वाचकांत फुटबॉल खेळणारे आणि खेळवणारे पुष्कळ आहेत, म्हणून या निदानाबद्दल जरा तपशिलात लिहितो.

आधी नोंदी पाहू. इंडियन सुपर लीगमध्ये भारतीय खेळाडूची पहिली हॅटट्रिक छेत्रीची. ती २०१५ मध्ये, मुंबई सिटीकडून खेळताना, आपल्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. डिसेंबर २०२४ मध्ये बंगळुरूकडून त्याने केरला ब्लास्टर्सविरुद्ध पुन्हा तीन गोल मारले, तेव्हा चाळिशी पार झालेली. २०१७-१८ च्या लीगमध्ये त्याचे १४ गोल होते, २०२४-२५ मध्येही १४. (मधल्या काळात हंगामातले सामने वाढले, हे धरायला हवं.) मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध त्याने हेडरने गोल केला आणि तो सामना भारताने ३-० असा जिंकला. त्याआधीच्या अख्ख्या २०२४ सालात भारताला एकही विजय मिळाला नव्हता. या वर्षांत त्याचा वेग कमी झाला नसेल? झालाच असणार. चाळिशीत स्नायूंमधले झटक्याने काम करणारे तंतू बारीक होतात, त्यातून कोणी सुटत नाही. तरी गोल होत राहिले, म्हणजे जो वेग गेला तो गोलाला लागणारा वेग नव्हता, निदान सगळा तरी नव्हता.

आपण ‘वेग’ हा एकच शब्द चार गोष्टींना लावतो, घोटाळा तिथे आहे. उभ्या जागेवरून निघणं ही एक, म्हणजे पहिली पाच-दहा मीटर. पूर्ण सुटल्यावरचा टॉप स्पीड ही दुसरी. तीच धाव अर्ध्या मिनिटाने पुन्हा मारता येणं ही तिसरी. आणि ब्रेक मारून वळणं ही चौथी. टीव्हीच्या पडद्यावर ‘ताशी ३४ किलोमीटर’ असा जो आकडा झळकतो तो दुसऱ्या गोष्टीचा, आणि गोलपुढच्या बॉक्समध्ये खेळणाऱ्या स्ट्रायकरला तीच सगळ्यात कमी लागते. उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला ९.५८ सेकंदांचा विक्रम केला तेव्हा त्याचा सर्वोच्च वेग, ताशी सुमारे ४४.७ किलोमीटर, ६० ते ८० मीटरच्या टप्प्यात आला होता. फुटबॉलपटू तीस-चाळीस मीटरमध्येच आपल्या कमाल वेगाजवळ पोचतो, पण स्ट्रायकरच्या बहुतेक धावा त्याच्याही आत, दहा-वीस मीटरमध्ये संपतात. जर्मनीच्या मिरोस्लाव क्लोजेने २०१४ च्या विश्वचषकात ब्राझीलविरुद्ध उपांत्य सामन्यात विश्वचषकातला आपला सोळावा गोल केला तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. त्याचा पहिला फटका गोलकीपरने अडवला, उलटून आलेला बॉल त्यानेच आत लोटला. तिथे कामाची होती ती दोन पावलं.

आता दोन पावलांचा हिशेब. दहाव्या मीटरला स्ट्रायकरचा वेग सेकंदाला साधारण सात मीटर असतो. तिथपर्यंत पोचायला त्याला पूर्वीपेक्षा ०.०५ सेकंद जास्त लागले, तर तो ३५ सेंटीमीटर मागे पडतो. ३५ सेंटीमीटरमध्ये फरक एवढाच की खांदा स्टॉपरच्या, म्हणजे मधल्या बचावपटूच्या, खांद्यापुढे आहे की मागे. पुढे असेल तर फटका मारता येतो किंवा फाउल मिळतो, मागे असेल तर बॉल स्टॉपरचा. बाहेर उभं राहून पाहणाऱ्याला ०.०५ सेकंद कधीच दिसत नाहीत, त्याला फक्त बॉल गेलेला दिसतो.

म्हणून मोजायला हवं, आणि ते नीट मोजायला हवं. हातातल्या स्टॉपवॉचने दहा मीटर मोजू नका, बोट दाबण्यातच ०.१ ते ०.२ सेकंद इकडेतिकडे होतात. मनगटी घड्याळातलं किंवा मोबाइलमधलं जीपीएस बहुधा सेकंदाला एकदाच जागा टिपतं, आणि धाव तर दोन सेकंदांच्या आत संपते. व्यावसायिक क्लबचे खेळाडू बनियनसारखं जाकीट घालतात, त्यातलं यंत्र सेकंदाला दहा नोंदी घेतं. सामन्यात एकूण किती धावला हे सांगायला ते उत्तम, पहिल्या पाच मीटरसाठी तेही ढोबळच. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात याहून बरं साधन आहे: मोबाइलचा स्लो-मोशन कॅमेरा, सेकंदाला २४० फ्रेम घेणारा. एक फ्रेम म्हणजे सुमारे ०.००४ सेकंद. ०.०५ सेकंदांचा फरक तिथे बारा फ्रेमचा होतो, तो चुकणार नाही. नेहमीच्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत हाच फरक दीड फ्रेमचा, म्हणजे हाती काही लागत नाही.

मांडणी अशी. टेपने दहा मीटरची सरळ पट्टी आखा. पट्टीच्या मध्यासमोर, म्हणजे पाच मीटरच्या खुणेसमोर, १५ मीटर बाजूला मोबाइल ट्रायपॉडवर आडवा ठेवा. कंबरेइतक्या उंचीच्या दोन काठ्या पट्टीपासून तीन मीटर मोबाइलच्या बाजूला रोवा. टर्फवर काठी रोवता येत नाही, तिथे सरावाच्या उंच प्लास्टिक कोनमध्ये (शंकूत) खोचा. बरेच जण इथे चुकतात: काठ्यांमध्येही दहाच मीटर अंतर ठेवतात. काठ्या कॅमेऱ्याच्या जवळ असल्यामुळे मग प्रत्यक्षात पट्टीवरचे साडेबारा मीटर मोजले जातात. दोन्ही काठ्या एकेक मीटर आत घ्या, त्यांच्यात आठ मीटर राहू द्या, म्हणजे कॅमेऱ्यातून काठीची रेघ बरोबर सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणेवर पडते. खेळाडूचं पुढचं पाऊल सुरुवातीच्या रेषेच्या अर्धा मीटर मागे. शिट्टी नको, तयार झाला की त्याने आपणहून निघायचं. आपल्याला त्याचे कान तपासायचे नाहीत. कंबर पहिल्या काठीला आली ती फ्रेम, दुसऱ्या काठीला आली ती फ्रेम, मधल्या फ्रेम मोजा आणि २४० ने भागा. ४३२ फ्रेम म्हणजे १.८० सेकंद. नियमित सराव करणारा तंदुरुस्त पुरुष स्ट्रायकर साधारण १.७ ते १.९ मध्ये बसतो. तीन धावा, मध्ये तीन-तीन मिनिटं विश्रांती, तिन्हींतली सर्वोत्तम वेळ लिहून ठेवा. शेवटच्या दोन मीटरमध्ये पाय सैल सोडायची खोड बहुतेकांना असते, म्हणून थांबायचा कोन रेषेच्या पाच मीटर पुढे लावा.

मग मोबाइल, काठ्या सगळं तसंच उचलून २५ मीटरच्या खुणेसमोर नेऊन ठेवा आणि खेळाडूला उभ्या जागेवरून ३० मीटर पूर्ण पळवा. आता मोजायची ती २० ते ३० ही शेवटची दहा मीटर. २८८ फ्रेम आल्या तर १.२० सेकंद, म्हणजे ताशी ३० किलोमीटर. हा त्याचा टॉप स्पीड, निदान सामन्यात कामाला येईल तेवढा. तिसरी चाचणी हीच, पण सहा वेळा, दर ३० सेकंदांनी एक. परत चालत यायचं आणि पुन्हा सुटायचं. समजा सर्वोत्तम वेळ १.२० आणि सहांची बेरीज ७.५६ आली. सहा गुणिले १.२० म्हणजे ७.२०, घसरण ५ टक्के. हा टक्का तोच खेळाडू आधीच्या चाचणीत किती देत होता, त्याच्याशी ताडून पाहा. पंचविशीतल्या विंगरशी तुलना करून काही कळत नाही.

या तीन आकड्यांवरून खरं दुखणं कळतं. पहिले दहा मीटर बिघडले आणि शेवटचे तसेच राहिले, तर आधी वजनकाट्यावर उभं करा, मग मांडी-खुब्याची ताकद पाहा. निघताना स्वतःचं वजन ढकलायचं असतं, आणि दोन किलो चरबी म्हणजे दोन किलोची पिशवी बांधून निघणं. पहिले दहा ठीक आणि शेवटचे दहा बिघडले, तर हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) किंवा पोटरी-टाचेकडे बघा. त्याच व्हिडिओत एक पाऊल टेकल्यापासून उचलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. पूर्ण वेगात त्या साधारण २४ ते ३० भरतात. त्या वाढल्या असतील तर घोट्याची स्प्रिंग सैल पडली, पाय जमिनीला चिकटून राहतोय. वयानुसार धावपटूची पावलं आखूड होतात आणि पाय जमिनीवर जास्त वेळ राहतो, पावलांची लय मात्र बरीच टिकते. त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला पाय तेवढेच भराभर पडताना दिसतात आणि तरी माणूस मागे पडतो. दोन्ही आकडे ठीक आणि फक्त सहा धावांची घसरण वाढली, तर वेग शाबूत आहे, दम कमी पडतोय. अशा स्ट्रायकरला ९० मिनिटं खेळवून ‘संपला’ म्हणण्यापेक्षा साठाव्या मिनिटाला उतरवावं.

मैदानावरून एक इशारा. बॉल उशिरा आला की स्ट्रायकर हळू दिसतो. मिडफिल्डरने एक टच जास्त घेतला तर साधारण अर्धा सेकंद जातो. सुटलेला स्ट्रायकर तेवढ्यात साडेतीन मीटर पुढे जाऊन ऑफसाइड होईल, म्हणून तो ब्रेक मारतो. मग पास येतो आणि त्याला जवळजवळ शून्यावरून पुन्हा निघावं लागतं, शेजारचा स्टॉपर मात्र तोवर धावत असतो. प्रेक्षक म्हणतात, ‘बघ, पोरगं सहज गाठून गेलं.’ चूक पास देणाऱ्याची आणि शिक्षा धावणाऱ्याला. खरोखर वेग कमी झाल्याची खूण निराळी आहे: समोरचे बचावपटू काय करतात ते पाहा. स्टॉपर पूर्वी त्याच्यापासून दोन मीटर मागे राहत असेल आणि आता अंगाला अंग लावून उभा राहत असेल, त्यांची सगळी बचावाची लाइन मध्यरेषेकडे सरकली असेल, तर त्यांनी त्याला जोखलं आहे. मागची मोकळी जागा आता त्यांना भीतीदायक वाटत नाही.

वेग जाण्याचं कारण नेहमी वयच असतं असंही नाही. इंग्लंडचा स्ट्रायकर मायकेल ओवेन याची हॅमस्ट्रिंग एप्रिल १९९९ मध्ये लीड्सविरुद्ध फाटली तेव्हा तो फक्त १९ वर्षांचा होता. पुढे २००१ चा बॅलन डी’ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, त्याने जिंकला, पण ती दुखापत त्याला कारकीर्दभर पुरली. आणि आपल्याकडच्या पस्तिशीच्या पुढच्या खेळाडूंचं सगळ्यात सामान्य कारण तर याहून साधं आहे: ते सरावात पूर्ण वेगाने पळणंच सोडून देतात. ‘सांभाळून खेळतो’ म्हणतात. आठवडाभर जॉगिंग, पासिंग, थोडा फाइव्ह-अ-साइड, आणि रविवारी सामन्यात एकदम शंभर टक्के. मांडीच्या मागच्या स्नायूला ती ओढ आठवडाभरात एकदाही पडलेली नसते, तो तिथेच धरतो. मग तीन आठवडे बसायचं, परत येऊन आणखी सांभाळायचं. वेग असा वापराअभावी जातो आणि नाव वयाचं होतं.

रविवारी सामना असेल तर बुधवारी, वॉर्म-अप झाल्याबरोबर, अंग ताजं असताना ३० मीटरच्या चार धावा पूर्ण वेगात माराव्यात. दर धावेनंतर तीन मिनिटं विश्रांती. ही तीन मिनिटं कोणी पाळत नाही, कारण रिकामं उभं राहिलं की टर्फचं तासाचं भाडं आठवतं. पण विश्रांती कापली की ती वेगाची कसरत राहत नाही, दमाची होते. शुक्रवारी दहा मीटरच्या चार-पाच धावा, बस्स. ज्यांची हॅमस्ट्रिंग आधी दुखावलेली आहे त्यांनी सुरुवातीचे तीन-चार आठवडे चढावर पळावं. येऊरचा चढ किंवा बेलापूरचा पारसिक हिलचा रस्ता, पहाटे वाहनं नसताना, १५-२० मीटरचे सहा झटके, उतरताना चालत. चढावर टॉप स्पीड येतच नाही, पाऊल आखूड पडतं, म्हणून मांडीच्या मागच्या बाजूवर ताण कमी पडतो आणि निघायची ताकद मात्र वाढते.

बुधवारच्या सरावाच्या शेवटी नॉर्डिक हा हॅमस्ट्रिंगचा व्यायाम घ्यावा. गुडघ्यांखाली मॅट घेऊन गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे घट्ट दाबून धरायचे, आणि खांदा-कंबर-गुडघा एका रेषेत ठेवून हळूहळू पुढे झुकायचं, तोल सुटेल तिथे हातांवर यायचं. फिफाच्या ११+ या वॉर्म-अपमध्ये याच व्यायामाची सुरुवात ३ ते ५ वेळांपासून आहे आणि तिसऱ्या पातळीला तो १२ ते १५ वर जातो. पहिल्याच दिवशी पंधरा मारणाऱ्याला पुढचे तीन दिवस जिना उतरवत नाही आणि तो व्यायाम कायमचा सोडतो. दुसरी चूक कंबरेत वाकण्याची. नमस्कार घातल्यासारखं वाकलं की भार मांडीवरून निघून जातो आणि मग पंधरा काय, पन्नासही होतात. सामन्याच्या आदल्या दोन दिवसांत नॉर्डिक नको. पोटरीसाठी एका पायावर उभं राहून टाच उचलणं पुरतं. एका दमात २०-२५ व्हायला हवेत, आणि डाव्या-उजव्यात पाच-सहाचा फरक असेल तर आधी कमजोर बाजू भरून काढा.

एवढं करूनही दशांश सेकंद जाणारच. त्याची भरपाई निघण्याच्या पद्धतीत आहे, आणि उत्तम स्ट्रायकर तिशीनंतर तीच घोटतात. स्टॉपरच्या नजरेआड, त्याच्या पाठीमागच्या खांद्याला उभं राहायचं, बॉल मिडफिल्डरच्या पायाशी यायच्या आधीच लाइनला समांतर आडवं चालू पडायचं, आणि पास सुटताना त्या चालत्या पायांवरच वळण घेऊन आत घुसायचं. सेकंदाला पाच मीटरच्या वेगाने आधीच हलत असलेला स्ट्रायकर पुढचे दहा मीटर साधारण दीड सेकंदात कापतो. जागेवर उभ्या स्टॉपरला तेच १.८ लागतात, शिवाय त्याला आधी कंबर फिरवायची असते. फरक दोन मीटरचा, म्हणजे वयाने नेलेल्या ३५ सेंटीमीटरच्या कितीतरी पट. छेत्री उंचीने लहान असून हेडरचे इतके गोल करतो त्यात हेच आहे. बॉल येतो तेव्हा तो निघालेला असतो आणि शेजारचा उंच बचावपटू जागेवर उभा.

याची दुसरी बाजू ठाण्या-नवी मुंबईच्या मुलांच्या शिबिरांत दिसते. तेराव्या वर्षी सगळ्यात जोरात पळणाऱ्या मुलाला स्ट्रायकर करतात आणि मागून लांब बॉल मारत बसतात. तो वर्षभर गोलांचा पाऊस पाडतो. सोळाव्या वर्षी बाकीचे उंच होतात, त्याच्याइतके पळू लागतात, आणि आडवं चालायचं कधी, निघायचं कधी हे त्याला कोणी शिकवलेलंच नसतं. बत्तिशीत जी अडचण यायची ती त्याला सोळाव्या वर्षीच येते. अशा मुलांना आठवड्यातून एक सामना धावायला जागाच नसलेल्या, आखून घेतलेल्या छोट्या चौकोनात खेळवावा.

चाचणी कधी घ्यायची एवढंच राहिलं. पावसाळ्यात नको, चिखलातल्या आणि कोरड्या मैदानावरच्या वेळा जुळत नाहीत. टर्फवरची वेळ टर्फशीच ताडावी, शक्यतो त्याच टर्फवर, त्याच बुटांत. स्टड आणि टर्फ शूज यांच्या वेळा एकाच वहीत मिसळू नयेत. ऑक्टोबरच्या उकाड्यात सहा धावांची घसरण उगाच वाढलेली दिसते, तेव्हा पहिली चाचणी दिवाळीनंतर आणि दुसरी मार्चच्या सुरुवातीला, दोन्ही सकाळी सातला. आधी आणि नंतर वजन करा. ७० किलोचा खेळाडू सरावात १.४ किलोने उतरला, म्हणजे दोन टक्के, तर त्या दिवशीचे शेवटचे आकडे पाण्याअभावी बिघडलेले असू शकतात. ते खोडावेत आणि त्याला चार दिवसांनी पुन्हा पळवावं.

आपले,
फुटबॉल प्रशिक्षक, नेरुळ व ठाणे